आयबीएमचा सेल्समन: ईडीएस काढण्याआधीची पाच वर्षं

इंजिनिअर झालेलं पोर सॉफ्टवेअरचा धंदा काढायचं म्हणतं आणि त्याआधी दोन-तीन वर्षं सेल्समध्ये काढतो असं सांगतं, तेव्हा घरातून येणारं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "चार वर्षं शिकलास ते दारोदार फिरायला का?" मित्र तेच जरा वेगळ्या शब्दांत म्हणतात: कोडिंग येतंय ना, मग प्रॉडक्ट बनव, गिऱ्हाईक आपोआप येईल. ही दोन्ही मतं मला चुकीची वाटतात. त्यांच्यापायी चांगली, हुशार पोरं वर्ष-दोन वर्षं खोलीत बसून कोणीच न मागितलेलं सॉफ्टवेअर बनवत राहतात. म्हणून एक जुनं प्रकरण इथे सविस्तर मांडतो. त्यातला माणूस पुढे अब्जाधीश झाला, पण मला रस आहे तो त्याच्या नोकरीच्या पाच वर्षांत आणि त्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत.

प्रकरण अमेरिकेतलं, टेक्सासमधल्या डॅलस शहरातलं. माणूस हेन्री रॉस पेरो. आपल्याकडे हे नाव कोणाला आठवलंच तर १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुश आणि क्लिंटन यांच्यासमोर अपक्ष उभे राहून सुमारे १९ टक्के मतं घेणारे पेरो म्हणून. पुण्यात एम्फसिस या आयटी कंपनीत काम केलेल्यांना त्यांच्या कंपनीचं नाव तरी माहीत असेल: इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स, म्हणजे ईडीएस. २००६ मध्ये ईडीएसने एम्फसिसमधला नियंत्रणाइतका हिस्सा विकत घेतला होता. दुसऱ्या कंपनीचं संगणकाचं सगळं काम ठरलेल्या मासिक रकमेत आपल्या अंगावर घ्यायचं, हा धंदा ईडीएसने उभा केला. आज पुणे, बंगळुरू आणि हैदराबादमध्ये लाखो लोक ज्या प्रकारच्या कामावर जगतात, त्याची ही एक जुनी शाखा आहे.

नोकरी कशी होती

पेरो यांचा जन्म १९३० चा, टेक्सार्काना गावातला. वडील कापसाचे दलाल. लहानपणी पेरो गावातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत पेपर टाकायचे. तिथे पेपर टाकायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा जास्त कमिशन ठरवून घेतलं. कमाई वाढल्यावर ते कमिशन खाली आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा ते तडक मालकाकडे गेले आणि ठरलेलं होतं तेच मिळवलं. ही गोष्ट ते स्वतः सांगत. पुढे १९५३ मध्ये नौदल अकादमीतून पदवी आणि मग जहाजावरची नोकरी. लेटे या विमानवाहू जहाजावर असताना तिथे आलेल्या आयबीएमच्या एका अधिकाऱ्याने त्यांचं काम पाहिलं आणि नौदल सोडल्यावर मुलाखतीला ये म्हणून सांगितलं. १९५७ मध्ये ते आयबीएमच्या डॅलस कचेरीत सेल्समन म्हणून लागले.

धंदा काढायचा म्हणून पेरो यांनी ही नोकरी धरली, असं मी म्हणणार नाही. लग्न होऊन वर्ष झालं होतं, नौदल सोडायचं होतं, समोर चांगली नोकरी आली, घेतली. धंद्याचा विचार नोकरीतूनच उगवला. आपल्यासाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. हेतू नसताना एखाद्या माणसाला या नोकरीतून इतकं मिळालं, तर हेतू मनात धरून जाणाऱ्याने तिथे नेमकं काय पाहायला हवं, हे या प्रकरणातून शोधता येतं.

त्या काळातल्या आयबीएमच्या सेल्समनचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आयबीएम ही संगणक बनवणारी कंपनी. तिची यंत्रं बहुतेक गिऱ्हाईक विकत घेत नसत, महिन्याच्या भाड्याने घेत. भाडं एका पाळीच्या हिशेबाने ठरायचं: महिन्याला १७६ तास, म्हणजे २२ दिवस रोज आठ तास. त्यापुढच्या वापराला वेगळा, कमी दराचा आकार. यंत्र भाड्याचं असल्यामुळे गिऱ्हाईक ते परत करू शकायचं, आणि तसं झालं की आधी मिळालेलं कमिशन सेल्समनच्या खात्यातून वळतं व्हायचं. त्यामुळे सही झाली म्हणजे काम संपलं, असं नव्हतंच. यंत्र लागल्यावर पगारपत्रकं वेळेवर निघतात का, विम्याचे हप्ते बरोबर लागतात का, हिशेब खात्यातल्या लोकांना ते वापरता येतं का, याच्याशी सेल्समनच्या पोटाचा संबंध होता.

विक्रीच्या आधीही तसंच. समोरच्या कंपनीत जाऊन बसायचं, एक कागद कुठून निघतो, किती टेबलांवर फिरतो, कुठे त्याची नक्कल होते, कुठे तो आठवडाभर पडून राहतो, हे पाहायचं. त्यावरून यंत्राचा प्रस्ताव तयार करायचा. सोबतीला आयबीएमचे सिस्टीम इंजिनिअर असत. त्यांची मदत आणि सॉफ्टवेअर या दोन्हींची किंमत यंत्राच्या भाड्यातच धरलेली होती, वेगळं बिल नव्हतं.

म्हणजे या नोकरीत पेरो यांना पगार देऊन एक गोष्ट करायला लावली जात होती, जी पुढे धंदा काढणाऱ्याला स्वतःच्या खर्चाने करावी लागते: एकामागून एक कंपनीच्या हिशेबाच्या खोलीत शिरणं आणि तिथे काय अडतं ते पाहणं. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. बोलण्याची हातोटी, ओळखी, आत्मविश्वास हे सगळं मिळतं, पण ते वरकड. खरी कमाई म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात आत जायची मुभा. ती नुसत्या कोडरला मिळत नाही, कारण त्याच्यापर्यंत गरज पोचते तीच मुळी दोन माणसांनी गाळून, मुद्दे काढून.

काय दिसलं

पेरो यांना दिसलेल्या गोष्टी आज वाचताना साध्या वाटतात. कंपन्या महागडी यंत्रं घेत होत्या आणि ती चालवायला माणसं शोधत होत्या. प्रोग्रॅमर मिळत नव्हते. मिळाले तरी प्रत्येक कंपनी आपलं पगारपत्रकाचं आणि साठ्याचं काम शून्यापासून लिहून घेत होती. शेजारच्या इमारतीत तेच काम तितक्याच कष्टाने चाललेलं असायचं. दिवसा धावणारं यंत्र रात्री थंड पडलेलं असायचं. आणि कंपनीच्या मालकाला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला शुक्रवारी पगाराचे चेक तयार हवे होते.

यावरून त्यांनी आयबीएमलाच सुचवलं की आपण यंत्रासोबत ते चालवायची सेवाही विकू या, गिऱ्हाइकाला तयार कामच देऊ. वरिष्ठांनी नाही म्हटलं. त्यांना दूरदृष्टी नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण आयबीएमच्या बाजूनेही कारणं होती. पैसा यंत्रांच्या भाड्यात होता, आणि यंत्रं नीट वापरली गेली तर भाड्याने जाणारी यंत्रं कमी होणार. शिवाय १९५६ मध्ये सरकारबरोबर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार सर्व्हिस ब्युरोचा, म्हणजे दुसऱ्यांचं काम आपल्या यंत्रांवर करून देण्याचा धंदा आयबीएमला वेगळ्या उपकंपनीतून चालवावा लागत होता. मोठ्या कंपनीने एखादी कल्पना नाकारली की तिच्यात दम नाही, असं मानायची आपल्याला सवय असते. नकार का आला हे तपासावं. कल्पना वाईट म्हणून आला, की त्या कंपनीच्या आजच्या कमाईच्या आड येते म्हणून? दुसरं कारण असेल तर नवख्यासाठी ती चांगली बातमी असते. ही कारणंसुद्धा आतल्या माणसालाच कळतात.

दुसरी कोंडी कमिशनची. सेल्समननी फार कमवू नये म्हणून आयबीएमने कमिशनवर मर्यादा घातली. पेरो यांनी १९६२ चा सगळा वार्षिक कोटा जानेवारीतच पुरा केला. उरलेलं वर्ष विकण्यात त्यांना काही मिळणार नव्हतं. हा किस्सा नेहमी पराक्रम म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यातून एवढंच कळतं की त्या नोकरीतून मिळण्यासारखं जे होतं ते मिळून झालं होतं. शिकणं थांबलं, कमाईला झाकण बसलं, आणि आपण सुचवलेलं वरचे ऐकत नाहीत. नोकरी सोडायची वेळ झाली हे कळायला इतकं पुरे.

७७ नकार

२७ जून १९६२ रोजी, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी हजार डॉलर भांडवलावर ईडीएस नोंदवली. संचालक मंडळात घरचीच माणसं: पत्नी मार्गो, आई, बहीण. मार्गो शिक्षिका होत्या, त्यांचा पगार सुरू होता. शिवाय पेरो यांनी टेक्सास ब्लू क्रॉस-ब्लू शील्ड या आरोग्यविमा संस्थेत डेटा प्रोसेसिंगचं अर्धवेळ काम धरलं होतं. म्हणजे घर चालायची सोय करूनच उडी मारली होती. प्रेरणादायी भाषणांत हा भाग गाळला जातो, आणि तो गाळला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे घराच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना राजीनामा देणाऱ्या मुलांना हीच बाजू आधी सांगायला हवी.

मग विक्री सुरू झाली, आणि इथे प्रकरण खरं रंगतं. ज्या माणसाने वर्षाचा कोटा तीन आठवड्यांत संपवला, त्याला स्वतःच्या कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक मिळायला महिने लागले. ७७ ठिकाणी नकार आणि ७८ व्या ठिकाणी होकार, असा आकडा त्यांच्या कहाणीत नेहमी येतो. माणूस तोच, बोलणं तेच, शहर तेच. गेलं होतं ते फक्त व्हिजिटिंग कार्डावरचं नाव. आयबीएमच्या सेल्समनला दार उघडायचं ते आयबीएमसाठी. मोठ्या ब्रँडच्या विक्रीत मिळवलेल्या यशातला किती भाग आपला आणि किती ब्रँडचा, हे नोकरीत असताना कळत नाही. आपल्या पोरांनी सेल्सची नोकरी निवडताना हे आधी लक्षात घ्यावं. ज्या कंपनीचं नाव ऐकूनच समोरचा चहा मागवतो, तिथे विकायला शिकणं कठीणच असतं.

मग त्या पाच वर्षांचा उपयोग काय झाला? पहिला होकार कसा आला ते पाहा.

आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स इथे कॉलिन्स रेडिओ नावाची कंपनी होती, डॅलसपासून हजार किलोमीटरहून दूर. तिच्याकडे काम जास्त होतं आणि यंत्राचा वेळ कमी. इकडे डॅलसमध्ये साउथवेस्टर्न लाइफ या विमा कंपनीकडे आयबीएमचं ७०७० हे यंत्र होतं आणि त्याचा बराच वेळ मोकळा होता. पेरो यांनी साउथवेस्टर्नकडून तो मोकळा वेळ घाऊक भावात घेतला आणि कॉलिन्सला किरकोळ भावात विकला. काम रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालायचं. स्वतःचं एकही यंत्र नाही, एकही प्रॉडक्ट नाही, तरी कंपनी कमावू लागली.

हे करायला काय ठाऊक असावं लागतं याचा विचार करा. महिन्याला ७२० तास असतात आणि भाडं १७६ तासांच्या हिशेबाचं असतं. कोणाकडे कोणतं यंत्र आहे, कारण एका यंत्रासाठी लिहिलेलं काम दुसऱ्यावर चालत नसे. ते किती वाजता बंद होतं. मोकळा वेळ विकायला त्या कंपनीत कोणाची सही लागते, आणि ती व्यक्ती कशाला घाबरते. कुठल्याही पुस्तकात यातलं काही नव्हतं. डॅलसमधल्या चांगल्या सेल्समनला मात्र हे सगळं रोजच्या कामातूनच माहीत होत असे. आयबीएमने पेरो यांना दिलेली पुंजी ती ही.

या पहिल्या सौद्यातून हाती पैसे आल्यावर त्यांनी मूळ कल्पनेला हात घातला आणि आयबीएममधल्याच काही सहकाऱ्यांना बोलावलं. पुढचं मोठं गिऱ्हाईक फ्रिटो-ले, वेफर्स विकणारी डॅलसचीच कंपनी. रोज शेकडो ट्रक माल घेऊन बाहेर पडणार आणि प्रत्येकाचा संध्याकाळी हिशेब येणार, असा तिचा धंदा. ईडीएसने सांगितलं: यंत्र आम्ही बघू, माणसं आमची, प्रोग्रॅम आमचे, तुम्ही दरमहा ठरलेली रक्कम द्या. करार पाच वर्षांचा. तेव्हा संगणकसेवेचे करार दोन-तीन महिन्यांचे असत, त्या काळात पाच वर्षं आणि बांधलेली किंमत हे धाडस होतं. ती किंमत लावता आली, कारण समोरच्याला कशाची धास्ती वाटते हे सेल्समनला माहीत होतं: संगणक खात्याचा खर्च कधी कुठे जाईल याचा मालकाला थांगपत्ता लागत नसे. त्याला अंदाजपत्रकात लिहिता येईल असा एक आकडा हवा होता, आणि पेरो यांनी तोच विकला.

त्यानंतरचं थोडक्यात. १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला, १९६६ पासून वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या दाव्यांचा पूर आला, आणि ईडीएसने हे काम पकडलं. सप्टेंबर १९६८ मध्ये कंपनीचे शेअर १६.५० डॉलरला बाजारात आले, कमाईच्या ११८ पट भावाने. १९८४ मध्ये जनरल मोटर्सने ती अडीच अब्ज डॉलरला घेतली. २००८ मध्ये ती एचपीकडे गेली.

या प्रकरणाची काळी बाजू

टेक्सासमधलं मेडिकेअरचं काम ज्या ब्लू क्रॉस-ब्लू शील्डकडून आलं, तिथेच पेरो नोकरीतही होते. एका हाताने काम देणारा आणि दुसऱ्या हाताने घेणारा एकच, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अमेरिकी संसदेच्या समितीपर्यंत गेला. मला हा आक्षेप योग्य वाटतो. गिऱ्हाइकाच्या आत शिरायची मुभा ही विश्वासाने मिळालेली गोष्ट आहे, तिचा असा वापर करू नये.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सेल्समध्ये तीन वर्षं काढलेला मुलगा धंदा काढतो आणि पहिला फोन जुन्या कंपनीच्या गिऱ्हाइकांनाच लावतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे 'नोकरी सोडल्यावर याच क्षेत्रात काही करायचं नाही' ही अट नोकरी सुटल्यानंतर सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेची अट टिकते. गिऱ्हाइकांची यादी, दर, कोटेशनं पेन ड्राइव्हवर घालून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गावात नाव खराब होतं ते भरून येत नाही. पेरो यांच्या पहिल्या धंद्यात एक गोष्ट स्वच्छ होती: त्यांनी आयबीएमला टक्कर देणारं यंत्र विकलं नाही. गिऱ्हाइकाचं भाडं आयबीएमलाच जात राहिलं. जुन्या मालकाने जे करायला नकार दिला, तेवढंच त्यांनी उचललं.

काळही त्यांच्या बाजूने होता, हे सांगायलाच हवं. सॉफ्टवेअर आणि सेवा यांना वेगळी किंमत लावायचं आयबीएमने जून १९६९ मध्ये जाहीर केलं, तोवर ईडीएस सात वर्षं पुढे गेली होती. आणखी एक. पेरो प्रोग्रॅमर नव्हते. विकलेलं काम करून दाखवणारी माणसं त्यांच्याकडे नसती, तर हे प्रकरण मी लिहीत नसतो. सेल्समनला एक वाईट खोड लागते, नसलेलं आहे म्हणून सांगायची. नोकरीत ती चालून जाते, कारण निस्तरायला डेव्हलपमेंटची टीम असते. स्वतःच्या धंद्यात तो शब्द रात्री जागून आपल्यालाच पाळावा लागतो.

छोट्या दुकानातून

आयबीएमसारखी नोकरी सगळ्यांना कुठून मिळणार, हा रास्त प्रश्न. त्याच डॅलस शहरात वीस वर्षांनी याच गोष्टीची लहान आवृत्ती घडली. मार्क क्यूबन १९८२ मध्ये तिथे आले आणि पीसीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात लागले. शिक्षण बिझनेसचं. रात्री मॅन्युअल वाचायची, दिवसा गिऱ्हाइकांना ती समजावून सांगायची, असं काम. वर्षाच्या आत नोकरी गेली, कारण दुकान उघडायचं सोडून ते एक सौदा पक्का करायला गेले. मग त्यांनी मायक्रोसोल्युशन्स काढली. पहिल्या गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअर घ्यायला आगाऊ ५०० डॉलर दिले, चाललं नाही तर पैसे परत, अशा बोलीवर. १९९० मध्ये ती कंपनी कॉम्प्युसर्व्हने ६० लाख डॉलरला विकत घेतली. दुकानातलं पद छोटं होतं, पण कोणतं सॉफ्टवेअर घेऊन लोक परत भांडायला येतात, हे तिथल्या काउंटरवरच कळत होतं.

आपल्या पुण्यातलं उदाहरण तर विक्रीचंही नाही, दुरुस्तीचं आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, मग स्वतःचं दुकान काढलं, संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचा उपद्रव वाढतोय हे त्यांना टेबलावरच दिसत होतं. भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहिला, आणि १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आलं. २०१६ मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीवाल्यालाही तीच मुभा असते: कॅबिनेट उघडून आत पाहायची. त्यामुळे सेल्सच हवं असा माझा हट्ट नाही. दुरुस्ती, इम्प्लिमेंटेशन, सपोर्ट यांतलं काहीही चालेल, पण काम गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन करायचं हवं.

आज कोणती नोकरी धरावी

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत बसून परदेशी कंपन्यांना लावलेले फोन, समोर लिहून दिलेली वाक्यं, आणि मीटिंग ठरली की ती दुसऱ्याकडे सोपवायची, ही इनसाइड सेल्सची नोकरी पगाराला बरी असते. तिथे नकार पचवायला शिकता येतं. पण गिऱ्हाइकाचं घर आतून दिसत नाही. त्यापेक्षा सांगली, कोल्हापूर किंवा नाशिकमध्ये टॅलीच्या पार्टनरकडे, नाहीतर लहान ईआरपी (कारखान्याचा साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) विकणाऱ्याकडे लागलेला मुलगा कमी पगारात जास्त शिकतो, असं मला ठामपणे वाटतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत तो डेमोला जातो. मालक कास्टिंगच्या गडबडीत, म्हणून हा अकाउंट्सच्या खोलीत बसून राहतो. बसल्या बसल्या त्याला दिसतं की गेटवरचा माणूस गाडीचा नंबर आणि वजन वहीत लिहितो, तेच आकडे स्टोअरचा माणूस एक्सेलमध्ये भरतो, आणि संध्याकाळी अकाउंट्सवाली बाई ते टॅलीत तिसऱ्यांदा टाकते. मग तिन्ही जुळत नाहीत म्हणून महिनाअखेरीला सगळे रात्री नऊपर्यंत थांबतात. याने विकायला आणलेल्या पॅकेजमध्ये यावर काहीच नसतं. त्या दिवशी विक्री न होताही त्याला धंद्याचा विषय मिळालेला असतो.

नकाराची भाषाही तिथेच उमगते. "कोटेशन ठेवून जा", "सीएंना विचारतो", "दिवाळीनंतर बघू" या तिन्हींचा अर्थ सारखा नाही. सीएंना विचारतो म्हणणारा निदान कोणाची सही लागते ते सांगतोय, सीएंना जाऊन भेटायला हवं. दिवाळीनंतर म्हणणाऱ्याकडे एक तर पैसे नाहीत किंवा त्रास अजून पुरेसा झालेला नाही. कोटेशन ठेवून जा म्हणजे बहुतेक वेळा दार बंद. पैसे वसूल करायलाही तिथेच शिकतो. पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर आली म्हणजे पैसे आले नव्हेत, हे पहिल्या सहा महिन्यांत अंगी मुरतं. ते न शिकता धंद्यात पडलेल्यांची कंपनी ऑर्डरी असूनही पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून बंद होते.

या नोकरीत कोडिंग पूर्ण सोडू नये. आठवड्याच्या शेवटी काहीतरी लहान लिहीत राहावं, शक्य तर आठवडाभरात दिसलेल्या अडचणीवरच. सोबत्याचा शोधही याच काळात घ्यावा. पेरो यांनी आयबीएममधून माणसं आणली ती ओळखीची, कामात पारखलेली होती.

मुदत आधीच ठरवावी. दोन वर्षं, फार तर तीन. धोका असा की चांगल्या सेल्समनला इन्सेंटिव्ह लागतो, त्यावर गाडीचा हप्ता चढतो, आणि मग धंद्याचा विषय दर दिवाळीला पुढे ढकलला जातो. पेरो यांना कमिशनच्या मर्यादेने बाहेर ढकललं. ज्यांना अशी मर्यादा नसते त्यांनी स्वतः तारीख घालून घ्यावी आणि तोवर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकावा.

आणि मुलाखतीत पगार, टार्गेट, टेरिटरी यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: विक्री झाल्यावर त्या गिऱ्हाइकाकडे मी पुन्हा जाणार का? "नाही, ते सपोर्टवाले बघतात, तू पुढची लीड घे" असं उत्तर आलं, तर पैशासाठी ती नोकरी खुशाल करावी, धंद्याच्या तयारीसाठी मात्र दुसरी शोधावी.